सरांची कोय

सर बिस्किट खाताना डोळे मिटायचे. बिस्किट कुठल्या बेकरीचं आहे हे त्याच्या कडेवरून, रंगावरून किंवा डब्यावरून कळू नये म्हणून.

हा प्रयोग त्यांनी आमच्या हैदराबादच्या ऑफिसात केला होता. तीन बेकऱ्यांची उस्मानिया बिस्किटं आणायची: एक आबिड्सची, एक सिकंदराबाद स्टेशनजवळची आणि एक बेगम बाजारातल्या गल्लीतली. ती तीन सारख्या डब्यांत घालायची, डब्यांवर फक्त खूण करायची आणि कुठली खूण कुणाची हे मी माझ्यापाशी ठेवायचं. सर आबिड्सच्या बेकरीचे जुने भक्त. नोकरीला लागल्यापासून तिथलंच बिस्किट. आठवडाभर डोळे मिटून खाल्ल्यावर त्यांनी एका डब्यावर बोट ठेवलं. तो सिकंदराबादचा निघाला. आबिड्सचा नंबर शेवटचा.

दुसऱ्या कुणी हसून विषय सोडून दिला असता. सर स्कूटर काढून आबिड्सला गेले आणि गल्ल्यावरच्या मालकाला सांगून आले की इतकी वर्षं मी तुमचं बिस्किट सवयीनं खाल्लं, चवीनं नाही, उद्यापासून येणार नाही. मालक म्हणाला, "साब, बिस्कुट वहीच है. ज़बान बूढ़ी हो गई तुम्हारी." सरांना ते इतकं पटलं की परत येऊन मला म्हणाले, "बाई, हे तर तपासायचं राहूनच गेलं. पुढल्या वर्षी पुन्हा करू."

पुढल्या वर्षी पुन्हा केलं. डबे मीच धुतले.

मी त्या भौतिकशास्त्र विभागाची ऑफिस सुपरिंटेंडंट. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या झाल्या, तेव्हा कागद जागच्या जागी ठेवणं मला शिकवावं लागलं नाही. दूधवाल्याचे खाडेसुद्धा लिहून ठेवणारी मी बाई. सर त्याच विभागातले प्राध्यापक. बीदरकडच्या शेतकरी घरातले. आजोबांनी गाव सोडून हैदराबाद गाठलं आणि मग सगळे इथलेच झाले. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे सर हक्कानं माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' आपापल्या जागी असायचेच.

त्यांची कामाची पद्धत आणि जगण्याची पद्धत यांत फरक नव्हता. उत्तरपत्रिका तपासायच्या आधी ते मला प्रत्येकीवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायला लावायचे आणि गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून आणायला सांगायचे. विद्यापीठाचा असा काही नियम नव्हता. "नाव दिसलं की मार्क आधी सुचतात, उत्तर मागून वाचलं जातं," असं त्यांचं म्हणणं.

वजनाची गोष्ट तर विभागात सगळ्यांना पाठ होती. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं. सर रोज सकाळी काट्यावर चढायचे, पण हातात एक बंद पिशवी घेऊन. पिशवीत काय आहे ते फक्त त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना माहीत. कधी तूरडाळ, कधी खलबत्त्यातला बत्ता. महिनाभर तीच पिशवी. काटा दाखवेल तो आकडा सर लिहून ठेवायचे आणि महिन्याअखेर वहिनी पिशवीचं वजन सांगायच्या, तेव्हा वजाबाकी करून खरं वजन कळायचं.

मी वहिनींना विचारलं होतं, "हे कशाला?"

वहिनी म्हणाल्या, "मला विचारू नका. माझा बत्ता महिना झाला बेडरूममधे आहे. चटणी मिक्सरवर करतेय."

सरांना विचारलं, तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, माणूस काट्यावर चढतो. आकडा आवडला नाही की चप्पल काढून पुन्हा चढतो. मग शर्ट काढतो. मग काटा सरकवून सपाट जागी ठेवतो. हवा तो आकडा आला की उतरतो. मग काटा बिघडलाय का, असं त्याला वाटतच नाही. लबाडी कुणीच करत नाही हो. फक्त थांबायची जागा आपल्या मनासारखी निवडतो. म्हणून जे हवंय तेच झाकायचं."

जे हवंय तेच झाकायचं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की घरी फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा मागे सरकवतानाही ते आठवतं.

आता सरांना काय हवं होतं ते सांगते.

अणूच्या मधोमध एक इवलासा गोळा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. तो गोळा खरंच गोल असतो का, हा सरांचा विषय. तो बघायचा कसा, तर दोन केंद्रकं अफाट वेगानं एकमेकांवर आपटून. परदेशात जमिनीखाली मैलोगणती लांबीचं वर्तुळाकार यंत्र आहे, त्यात ही टक्कर होते. उडालेल्या कणांच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतल्या गटांकडे जातात, तशा आमच्या विभागातही येतात. बाकीचं काम कॉम्प्युटरवर.

मला एक कळत नव्हतं. एकदा मी स्पष्टच विचारलं, "सर, नारळ फोडला तर करवंट्या जुळवून तो कसा होता ते कळतं. तुमच्या गोळ्याचं तर पार भुस्कट होतं. मग आकार कसा कळणार?"

सर म्हणाले, "सांगतो," आणि उठून गेले. उत्तर मिळालं काही महिन्यांनी, माझ्या भाचीच्या लग्नात.

लग्न सिकंदराबादच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. माझा भाऊ मला शोधत आला. "ताई, तुमचे ते सर रुसलेत का? सगळे आत आहेत आणि ते समोरच्या फूटपाथवर उभे आहेत, पानदुकानापाशी."

मी रस्ता ओलांडून गेले. सर म्हणाले, "बरं झालं आलात. आता असं समजा, हा हॉल तुम्ही आयुष्यात पाहिला नाही. मधे भिंत आहे समजा. बँड आला की सगळे बाहेर पडतील, तेव्हा फक्त माणसं बघा."

तेवढ्यात वरात कोपऱ्यावर आली, बँड वाजायला लागला आणि हॉलमधली माणसं चारी बाजूंच्या दारांतून बाहेर लोटली. सर बोट दाखवत बोलत होते, "बघा. लांब भिंतींच्या दारांतून गर्दी कशी फुटून येते, जोरात. मधे उभ्या असलेल्या माणसाला तीच बाजू जवळ, मागचा रेटा तिकडेच. आणि ती टोकाची दारं बघा, तिथून सावकाश निघतायत. हॉल गोल असता तर सगळीकडून सारखे आले असते. आमचं काम हेच. हॉल दिसत नाही. माणसं बाहेर पडायच्या आधीच तो मोडून गेलेला असतो. आम्ही रस्त्यावर उभे राहून फक्त बघतो, कुठल्या बाजूनं किती आले, केवढ्या जोरात आले. अशी कोट्यवधी लग्नं बघायची, बाई. मग न बघितलेल्या हॉलचा आकार सांगता येतो."

मी तिथे हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होते. कितीतरी लग्नांत मी पाहुणे, पानं, गाड्या यांच्या याद्या सांभाळल्या आहेत. लग्नाची गर्दी म्हणजे अशी काही गोष्ट असेल हे कधी मनात आलं नव्हतं. त्यानंतर सिनेमा सुटताना, शाळा सुटताना मी थबकून बघते.

सरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून आंब्याची एक कोय असायची. वाळलेली, तपकिरी, धागे झिजून गुळगुळीत झालेली. विद्यार्थी मागून त्यांना 'कोयवाले सर' म्हणत. तिची गोष्ट अशी. तरुणपणी सरांनी एका विशिष्ट केंद्रकाबद्दल गणित मांडलं होतं. बाकीचे म्हणत, ते केंद्रक अंड्यासारखं आहे: एका बाजूनं लांब, पण मधून कापलं तर गोल. सर म्हणाले, नाही, ते कोयीसारखं आहे. लांबी वेगळी, रुंदी वेगळी, जाडी वेगळी. बाहेरच्या एका परिषदेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा कुणीतरी विचारलं की तुमच्या हैदराबादेत सध्या आंब्यांचा मोसम आहे का. सगळे हसले. सर घरी आले, एक बेनिशान जातीचा आंबा खाल्ला, कोय धुऊन वाळवली आणि टेबलावर ठेवली.

तेव्हा ते तपासायची सोयच नव्हती. मग वर्षं गेली. सरांचे केस गेले. आणि निवृत्ती जवळ आली तेव्हा त्या मोठ्या यंत्रात नेमक्या त्याच केंद्रकांची टक्कर झाली. दोन हंगामांत मिळून भरपूर नोंदी आल्या. पहिल्या हंगामाच्या नोंदींवर काम करायला सरांनी श्रावणीला घेतलं. ती वरंगळकडची, त्यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. हुशार, बोलकी आणि डब्यातली गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी सगळ्यांना वाटणारी. तिचा प्रबंध ह्याच कामावर उभा राहणार होता.

एका सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. "बाई, केंद्रकाच्या आकाराशी तुम्हाला काही घेणं आहे?"

"काडीचंही नाही, सर."

"बराबर. म्हणूनच आलो."

त्यांनी समजावलं ते असं. आलेख काढायचा. त्यावर दोन रेघा असतील, एक अंड्याची, एक कोयीची. श्रावणी मोजून जे बिंदू काढेल, ते ज्या रेघेवर बसतील तो आकार खरा. पण रेघांपैकी एक सरांची होती. बिंदू सरांच्या रेघेकडे सरकले की गुरुशिष्य दोघंही मोजणी थांबवतील, दूर गेले की चुका शोधत बसतील. म्हणून प्रत्येक बिंदूत एक गुप्त आकडा मिळवायचा, पिशवीतल्या बत्त्यासारखा. सगळं काम संपलं, आता एक अक्षरही बदलणार नाही असं ठरलं, की मगच तो आकडा वजा करायचा.

"उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत कुठलाही आकडा घ्या. अर्धा, पाव, काहीपण. कॉम्प्युटरवर टाईप करा, तिथे फक्त ठिपके दिसतील. आणि तुमच्या डोक्यात ठेवा. मशीन बिघडलं तर माणूस पाहिजे."

"लिहून ठेवू?"

"नक्को. कुठंच नक्को."

हे मला जड गेलं. आकडा लक्षात राहील, पण वर्षभरानं तो अधिक होता की उणे, हे राहील का? मी जरा विचार केला आणि विसरायला जागाच नाही असा आकडा टाईप केला. कुठला, ते थोड्या वेळानं सांगते. सरांच्या संगतीत मलाही झाकायची सवय लागली आहे.

काही महिन्यांनी श्रावणी दुपारी डबा घेऊन माझ्यापाशी आली. आमचं बोलणं हिंदी आणि तेलुगूच्या खिचडीत होतं, इथे मराठीत लिहिते.

"मॅडम, बिंदू आले."

"मग? कुठे बसले?"

"सरांच्या रेघेवर. अगदी वर."

"छान झालं की."

"अय्यो, छान कसलं? त्यांत तुमचा आकडा मिळवलेला आहे ना. मिळवून जर ते तिथे बसलेत, तर काढल्यावर तिथून हलणार. म्हणजे खरे बिंदू दुसरीकडेच कुठेतरी आहेत. सर चुकले, मॅडम. आयुष्यभर चुकले."

"सरांना कळलंय हे?"

"पहिल्याच दिवशी. आलेख बघितला, हसले, म्हणाले 'गया'. आणि खुर्ची ओढून म्हणाले, चल, आता आपल्या मोजणीतल्या चुका शोधू."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण मी शून्य टाईप केला होता.

उणे पाच आणि अधिक पाच यांच्या मधोमध शून्य बसतोच की. चिन्ह विसरायची भीती नाही, दशांश विसरायची भीती नाही. मला तो सगळ्यात सोयीचा वाटला. सरांनी सगळं काही झाकलं होतं, पण झाकणारी बाई शून्य घेईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पिशवी म्हटली की तीत काहीतरी असणारच, असं ते धरून चालले. म्हणजे बिंदू जिथे दिसत होते तिथेच होते. कोय खरी होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "श्रावणी, आकडा मधेच कळला तर काय होतं?"

"सगळं वाया. आमची मोजणी अजून पक्की झालेली नाही. कळल्यानंतर आम्ही जे करू, त्यावर कोण विश्वास ठेवेल? रेघ सरांची, विद्यार्थिनीही सरांचीच. बाहेरचे म्हणतील, हवं ते काढलं. माझा प्रबंध गेला आणि सरांची कोयसुद्धा."

मी पुन्हा जेवायला लागले.

पुढच्या आठवड्यात सर हातात कोय घेऊन आले. "बाई, ही तुमच्या कपाटात ठेवा. टेबलावर ठेवायचा हक्क गेला माझा."

मी ती घेतली आणि स्टीलच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, शिक्के आणि जादा किल्ल्यांच्या मधे. सर निघून गेल्यावर कपाटाचं दार लावायला मला जरा वेळ लागला.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खचणार. निदान कामातून लक्ष काढून घेणार. हरलेल्या केसची फाईल जशी खाली खाली जाते तसं. झालं उलटंच. सर पहिल्यापेक्षा लवकर यायला लागले. कणांची नोंद घेणाऱ्या यंत्राच्या एका कोपऱ्यात मोजणी दुबार होते आहे, असं श्रावणीला आढळलं. सरांचा नियम असा की ही चूक का आहे, ते आधी कागदावर लिहायचं, पटलं तरच दुरुस्त करायचं आणि बिंदू कुठे गेले ते सगळ्यात शेवटी बघायचं. त्या दुरुस्तीनं बिंदू रेघेवरून थोडे खाली उतरले. नंतरच्या दुसऱ्या दुरुस्तीनं पुन्हा वर आले. दोन्ही दिवशी सरांनी सारख्याच आनंदानं चहा मागवला. आपण चुकलो आहोत अशी खात्री असलेला माणूस, आपण नेमके किती चुकलो हे कळावं म्हणून असा जिवाचा आटापिटा करताना मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही नाही.

मे महिन्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास ठरली. आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. टॉवेल, चष्म्याची डबी, विम्याच्या कागदांच्या प्रती असं सगळं पिशवीत होतं. वहिनी कॉरिडॉरमधेच भेटल्या. त्यांनी माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं.

"तुम्हाला तो आकडा माहीत आहे ना?"

"आहे."

"मग सांगून टाका त्यांना. खरं निघो, खोटं निघो. उद्या काही कमीजास्त झालं तर? लग्न करून आले तेव्हापासून ती कोय बघतेय मी. माणसाला कळून तरी जाऊ दे. मी कुणापाशी बोलणार नाही, शपथ घेते."

त्यांच्या हातावर थोपटून मी आत निघाले. खोलीच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मी सांगायचं ठरवलं होतं. एक शब्द होता. तो ऐकून ते सुखानं ऑपरेशनला गेले असते. श्रावणीचं पुढे बघता आलं असतं.

सरांनी मला दारात पाहिलं आणि काही कळायच्या आत चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"सर?"

"तिथंच बसा, बाई. खुर्ची आहे." आवाज चादरीखालून येत होता. "तुमचा चेहरा बघायचा नाही मला. तुम्हाला काही लपवता येत नाही."

एवढ्यात नर्स आत आली. "क्या हुआ? पेशंट मुँह क्यों ढाँक लिए?"

"कुच नई, सिस्टर," चादर म्हणाली. "पर्दा है."

नर्स माझ्याकडे बघत बघत ब्लडप्रेशर मोजून गेली. मी खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर.

"तुमच्या वहिनींनी सांगितलं असेल तुम्हाला, आकडा सांगा म्हणून."

"हो."

"नक्को, बाई. श्रावणीचं काम अजून व्हायचंय. मला कळलं की तिला माझ्या तोंडावरून कळणार, मग संपलंच." मग म्हणाले, "मी मेलो तर त्या केंद्रकाचा आकार बदलणार आहे का? ते आहे तसं आहे. आपण नव्हतो तेव्हापासून. बिंदू माझ्या रेघेवर दिसतात, म्हणजे खरे तिथं नाहीत, एवढं मला कळलेलंच आहे. मी चुकलो, ते ठीक आहे. पण मग ते आहे तरी कसं? ते बघायचंय हो. ते पोरीनं नीट काढून दाखवावं. मी असलो तर बघीन. नसलो तर तुम्ही बघा."

दारापाशी ठरवलेलं मी तिथेच सोडून दिलं. चादरीवर त्यांच्या श्वासानं छोटी घडी वरखाली होत होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, उत्तर हाताच्या अंतरावर असताना, तोंडावर चादर घेऊन पडलेला तो माणूस. मी पुष्कळ मोठी माणसं त्यांच्या फायलींसकट पाहिली आहेत. त्या दिवशी मला उठून उभं राहावंसं वाटलं.

"टॉवेल कपाटात ठेवते," मी म्हणाले. "चष्म्याची डबी उशाशी आहे. विम्याचे कागद वहिनींजवळ देते."

"बराबर," चादर म्हणाली.

बाहेर आल्यावर वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "माहीत होतं मला," आणि डोळे पुसले.

ऑपरेशन नीट झालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, निवृत्तीच्या तोंडावर, सर सैल झालेल्या शर्टात विभागात आले. बाहेरच्या समितीनं काम तपासून आकडा उघडायची परवानगी दिली होती. मीटिंगच्या खोलीत श्रावणी कॉम्प्युटरपाशी, सर तिच्या शेजारी, मी दाराजवळच्या खुर्चीत, आणि भिंतीवरच्या पडद्यावर एका बाजूला परदेशातली मंडळी. दुसऱ्या बाजूला तो आलेख. दोन रेघा, आणि कोयीच्या रेघेवर बसलेले बिंदू.

सरांनी विचारलं, "श्रावणी, काही बदलायचंय?"

"नाही सर."

"मागून आठवलं तर?"

"मागून आठवलं तरी नाही, सर."

"हौ. बाई, आकडा."

"शून्य," मी म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. "बाई, आकडा विचारला मी."

"आकडाच सांगतेय, सर. शून्य."

श्रावणीनं कॉम्प्युटरमधली कुलूपबंद नोंद उघडली. तिथेही शून्यच होता. तिनं तो वजा केला. पडद्यावर काहीही हललं नाही. उघडायला म्हणून जमलेल्या माणसांना बघायला काही घडलंच नाही. मग परदेशातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं आणि टाळ्या सुरू झाल्या. श्रावणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सर त्या बिंदूंकडे बघत राहिले. रोज सकाळी बघितलेले तेच बिंदू. मग ते मला म्हणाले, "हॉस्पिटलात हे तुमच्याजवळ होतं?"

"होतं."

"बरं झालं, चादर होती."

आणि ते हसायला लागले. छातीवर हात धरून, टाके दुखत असावेत असे, पण थांबेनात. श्रावणी हसत होती आणि रडतही होती.

मी पर्समधून रुमालात बांधलेली कोय काढली. त्या दिवसासाठी मी ती कपाटातून आणली होती. सरांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं, आता टेबलावर ठेवतील.

"श्रावणी," ते म्हणाले, "आता सांग, ह्यात काय चुकलं असेल?"

"सर, आज तरी..."

"आजच. बिंदू इथं नाहीत असं आपण धरून चाललो, म्हणून कुणी त्यांना इकडे ओढलं नाही. हे चांगलं झालं. पण ते बाईंच्या शून्यामुळं झालं, आपल्या अकलेनं नाही. दुसऱ्या हंगामाच्या नोंदी आपण अजून उघडल्याच नाहीत. आज आलेलं छापू. आणि त्या नोंदींवर हेच सगळं पुन्हा करू, नवा आकडा घालून." मग कोय रुमालात परत गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "अर्धंच झालंय, बाई. कपाटात ठेवा."

"नवा आकडा मी टाईप करू?"

"तुम्ही नक्को. तुम्ही पुन्हा शून्य घ्याल किंवा मुद्दाम घेणार नाही. तुम्हाला ओळखतो मी आता."

नवा आकडा वहिनींनी टाईप केला. सर खोलीबाहेर उभे होते.

सर निवृत्त झाले. त्यांची खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. श्रावणीचा प्रबंध पूर्ण झाला, ती आता दुसऱ्या हंगामाच्या नोंदींवर काम करते. वहिनींनी स्कूटर बंद केल्यामुळे सर मंगळवारी बसनं येतात, तिच्या शेजारी बसतात, मग माझ्याकडे चहाला येतात. नवे बिंदू दोन्ही रेघांपासून दूर, भलतीकडेच बसलेत म्हणे. ह्याचा अर्थ काहीही असू शकतो. मी एकदा वहिनींना फोनवर आडून आडून विचारून पाहिलं. "तुम्ही हॉस्पिटलात सांगितलं होतं का?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रोज संध्याकाळी मी दिवसाच्या यादीतल्या झालेल्या कामांवर काट मारते. एक ओळ तेवढी उद्याच्या पानावर उतरवून घ्यावी लागते: वरचा कप्पा, सरांची कोय. केंद्रकाच्या आकाराशी काडीचं घेणं नसलेली मी, मंगळवारी सरांचा चेहरा बघून काही कळतं का ते बघत बसते. काही कळत नाही. त्यांनाही ठाऊक नाही.

गेल्या मंगळवारी मी म्हणाले, "सर, एकदा तर खरं निघालंय. आता ठेवा की ती टेबलावर. माझं टेबल देते."

"हौ, निघालं ना," सर म्हणाले. "म्हणून तर आता जास्तच हवंसं वाटतं."

मी बिस्किटांचे डबे पुढे सरकवले. त्यांनी डोळे मिटले.